४१ जण, एक बस आणि आंबेनळी घाट: गाडी कोणती घ्यावी, ड्रायव्हरला काय विचारावं?

पाटीपेन्सिल:

मंडळी, सोसायटीच्या सहलीचं नियोजन गळ्यात पडलं आहे. एकूण ४१ डोकी. त्यात ६५च्या पुढचे ८ आणि दहा वर्षांखालची ६ मुलं. पुण्याहून वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर (२ मुक्काम). तिसऱ्या दिवशी सकाळी निघून प्रतापगड, मग आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि महामार्गाने थेट गणपतीपुळे (२ मुक्काम). शेवटच्या दिवशी आंबा घाटाने कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन आणि रात्रीपर्यंत पुणे. तारखांचे दोन पर्याय आहेत: १५ ऑगस्टला जोडून, किंवा दिवाळीनंतर नोव्हेंबरात.

गाडीवाल्याने तीन पर्याय दिलेत. एक, ४५ सीटची १२ मीटरची पुशबॅक एसी बस. दोन, ३५ सीटची बस आणि सोबत सात सीटची गाडी. तीन, १७ सीटचे तीन टेम्पो ट्रॅव्हलर. एकच गाडी घेतली तर सगळे एकत्र राहतील असं बहुमत आहे, पण "मोठी गाडी आंबेनळीत नको" असंही दोघांनी सांगितलं. खरं काय? ड्रायव्हर चांगला आहे हे आधी कसं ओळखायचं? आणि निम्म्या बायकामुलांना गाडी लागते, त्यावर काय करता येईल?

---

हवा_आणि_गिअर:

सगळे जण चढाची चौकशी करतात. चढताना गाडी फार तर तापून उभी राहते. काळजी करायची ती उताराची.

महाबळेश्वर सुमारे १३७० मीटरवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला. म्हणजे ४० किलोमीटरमध्ये तुम्ही जवळपास १३०० मीटर खाली येता. भरलेली ४५ सीटची गाडी १४ टन धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते ती ५० युनिट विजेइतकी भरते. त्यातला पाव भाग टायर आणि वारा खातात. उरलेली इंजिनाने अडवली तर ठीक, नाहीतर ती सगळी उष्णता चार ठिकाणच्या ब्रेक ड्रममध्ये जाते.

ड्रम तापला की दोन गोष्टी एकदम होतात. लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीची) पकड कमी होते, आणि ड्रम स्वतः फुगून लायनरपासून लांब जातो. त्यामुळे पेडल तेवढंच दाबलं तरी ब्रेक कमी लागतो. ड्रायव्हर जोरात दाबतो, ड्रम आणखी तापतो. "ब्रेक फेल झाला" असं नंतर म्हटलं जातं तेव्हा बऱ्याचदा तुटलेलं काहीच नसतं, फक्त तापलेलं असतं. अर्ध्या तासाने तीच गाडी जागेवर नीट ब्रेक धरते.

दुसरा घोटाळा हवेचा. मोठ्या बसला एअर ब्रेक असतो. टाकीत साधारण ७ ते ८ किलो दाबाची हवा असते आणि डॅशबोर्डवर तिचा काटा दिसतो. पेडल सारखं मारत राहिलं की प्रत्येक वेळी थोडी हवा बाहेर जाते आणि कॉम्प्रेसर ती तितक्या लवकर भरू शकत नाही. काटा ५ च्या आसपास आला की बझर वाजतो. त्याखाली घसरला तर मागच्या चाकांची पार्किंगची स्प्रिंग आपोआप लागते. ती गाडी थांबवण्यासाठीच असते, पण भर वळणावर मागची चाकं अचानक धरली गेली तर गाडी कुठल्या बाजूला जाईल ते सांगता येत नाही.

म्हणून घाट उतरायचा तो गिअरात. "ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा" हा जुना नियम. आताच्या ताकदवान इंजिनांना तो एक गिअर खाली करून लावायचा, कारण नवीन गाडी चौथ्यात आरामात चढते आणि चौथ्यात उतरताना मात्र पळते. आंबेनळीत दुसरा-तिसरा, वेग २० ते २५. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. उतारावर वेग वाढल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकायला गेलं की दुसरा पडत नाही, तिसराही परत बसत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये सुटते. त्याहून वाईट जागा घाटात नाही.

एक्झॉस्ट ब्रेक आहे का ते विचारा. सायलेन्सरच्या वाटेत एक झडप असते, ती बंद केली की धूर कोंडतो आणि इंजिन गाडीला मागे ओढतं. तो गिअर असतानाच काम करतो. क्लच दाबलेला किंवा न्यूट्रल असेल तर शून्य. आणि इंजिन जितकं जास्त फिरतंय तितका तो चांगला लागतो, म्हणून खालचा गिअर. उतरताना इंजिनचा आवाज मोठा येतो तेव्हा मागून कुणीतरी "अहो, गाडी का रडवताय?" म्हणतं. त्यांना गप्प बसवणं हे तुमचं काम.

पायाचा ब्रेक कसा वापरायचा तर ठाम दाबून वेग ३० वरून २० वर आणायचा, आणि पूर्ण सोडायचा. परत ३० झाला की परत. हलकासा पाय ठेवून सतत घासत उतरणं दिसायला सभ्य वाटतं, पण ड्रमला थंड व्हायला क्षणही मिळत नाही.

---

चाकोरी:

वरचं सगळं पटलं. गाडीच्या आकाराबद्दल सांगतो.

आंबेनळीतून एसटीच्या मोठ्या गाड्या वर्षानुवर्षं जातात, त्यामुळे "मोठी बस जात नाही" हे खरं नाही. अडचण लांबीपेक्षा दोन वेगळ्याच मापांची आहे.

पहिलं, मागच्या चाकामागे किती गाडी लोंबते. नियमाने हा भाग दोन अ‍ॅक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो. १२ मीटरच्या गाडीत तो तीन मीटरच्या पुढे जातो. वळणावर पुढचं तोंड उजवीकडे गेलं की हे शेपूट डावीकडे फेकलं जातं, म्हणजे कठड्यावर, नाहीतर डोंगराच्या बाजूच्या गटारावर. दुसरं, पोटाखालची उंची. प्रवासी बसच्या डिकीचं पोट खाली असतं. वळण आणि चढ एकाच जागी आले की कोपरा रस्त्याला टेकतो. एसटीची गाडी उंच असते म्हणून तिला हा त्रास कमी.

तीव्र वळणावर १२ मीटरच्या गाडीला एका दमात वळायला वीसेक मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. समोरून ट्रक आला तर ती मिळत नाही, आणि मग गाडी मागे-पुढे करावी लागते. अशा वेळी क्लिनर लागतो. खाली उतरून मागच्या कोपऱ्याशी उभा राहणारा, ड्रायव्हरच्या आरशात दिसणारा. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे. भाडं कमी करण्यासाठी पुष्कळ गाडीवाले हल्ली क्लिनर पाठवतच नाहीत. ४५ सीटची गाडी घेणार असाल तर क्लिनर हवाच, हे ठरवतानाच बोला.

तीन टेम्पो ट्रॅव्हलर म्हणजे तीन ड्रायव्हर, तिघांचीही तपासणी. एक चांगला आणि दोन कसेबसे निघाले तर काय मिळवलं? शिवाय त्यांना एअर ब्रेक नसतो, तेलाचा असतो. तो तापला की ब्रेक ऑइल उकळतं, पाइपात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांवर उकळतं, ओलावा धरलेलं १४० वरच. म्हणून ते दोन वर्षांत बदललेलं असावं. इंजिन बंद पडलं तर बूस्टरची (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेची) मदत दोन-तीन दाबांपुरती, पुढे पेडल दगड होतं.

माझं मत: ३५ सीटची बस आणि सात सीटची गाडी. वळणं बिनधास्त निघतात, आणि छोटी गाडी पुढे ठेवली तर वाट कशी आहे ते मागच्याला कळतं. ज्यांना फार गाडी लागते त्यांना छोट्या गाडीत पुढे बसवता येतं. फक्त ३५ मध्ये ३५च बसवा. मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं टाकून "मुलं काय, बसतील" हे नको.

---

हवा_आणि_गिअर:

@चाकोरी, सहमत, पण एक दुरुस्ती. महाग १२ मीटर गाड्यांत रिटार्डर असतो. तो चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टलाच अडवतो आणि पायाचा ब्रेक जवळजवळ लागतच नाही. अशी गाडी आणि आंबेनळी रोज करणारा ड्रायव्हर मिळाला, तर स्वस्त ३५ सीटरपेक्षा मी ती घेईन. पुशबॅक आणि एसी आहे म्हणजे रिटार्डर असेलच असं मात्र समजू नका. लोकल बॉडी बांधलेल्या बहुतेक ४५ सीटरमध्ये तो नसतो.

---

पाटीपेन्सिल:

धन्यवाद दोघांनाही. गाडीवाला म्हणतो की आमचा ड्रायव्हर एवढा पक्का आहे की घाट न्यूट्रलमध्ये उतरवतो, डिझेल वाचवतो. हे कौतुक आहे की धोक्याची घंटा?

---

चाकोरी:

घंटा. आणि डिझेलही वाचत नाही. गिअरात, अ‍ॅक्सिलरेटर सोडून उतरताना आताच्या इंजिनात पंप डिझेल जवळपास तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे दहा मिनिटांचं डिझेल घालवून ब्रेक जाळायचे. काही जण तर किल्लीच बंद करतात. मग पॉवर स्टिअरिंग जातं आणि हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. तो गाडीवाला बदला.

---

मधली_सीट:

गाडी लागण्यावर लिहिते, कारण ४१ पैकी निम्म्यांना हाच प्रश्न आहे, ब्रेकचा नव्हे.

कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात समोरची सीट स्थिर आहे. या भांडणातून मळमळ येते. म्हणून डोळ्यांना लांबचं काहीतरी दाखवायचं. मोबाइल, पुस्तक, पत्त्यांचा डाव घाटात पूर्ण बंद. अंताक्षरी चालेल, उलट बरी, कारण मान वर राहते.

जागा: मागच्या चाकावर आणि त्याच्या मागे सगळ्यात जास्त हेलकावा. चाकोरींनी सांगितलेलं तेच शेपूट तुम्हाला झोकतं. दोन चाकांच्या मधल्या रांगा, साधारण तिसरी ते पाचवी, सगळ्यात शांत. पहिली रांग नजरेला चांगली, पण इंजिन पुढे असलेल्या गाडीत तिथे ऊब आणि डिझेलचा वास येतो आणि त्यानेच काहींना होतं. शेवटची लांब सीट कॉलेजच्या मुलांना द्या. त्यांना तीच हवी असते.

खाणं: रिकाम्या पोटी बसणं हा गैरसमज आहे, त्याने जास्त होतं. निघण्याआधी तासभर हलकं काहीतरी, म्हणजे इडली, पोळीभाजी, केळं. मिसळ, वडापाव, क्रीम-स्ट्रॉबेरी घाट उतरल्यावर. महाबळेश्वरात नाश्त्याला स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन साडेआठला आंबेनळीत शिरलेल्या बसचं काय होतं ते सांगायला नको. आल्याची वडी, आवळा सुपारी, लिंबू यांनी बऱ्याच जणांना बरं वाटतं, जवळ ठेवा.

औषध: अ‍ॅव्होमिनसारखी गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. घाटाच्या एक ते दोन तास आधी घ्यावी लागते. म्हणजे साडेआठला घाट असेल तर सात वाजता, चहाबरोबर. तिने झोप येते. दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही, मोठ्या मुलांचा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. ६५च्या पुढच्यांपैकी ज्यांना काचबिंदू आहे, लघवी अडते, किंवा झोपेची औषधं चालू आहेत त्यांनी आधी विचारल्याशिवाय घेऊ नये. ड्रायव्हरला चुकूनही ही गोळी देऊ नका. त्यालाही मळमळतंय असं म्हणाला तर गाडी थांबवा.

पिशव्या: प्रत्येक सीटच्या खिशात दोन. आतून मेणकागद असलेल्या कागदी पिशव्या चांगल्या, साध्या कागदाच्या पाच मिनिटांत फाटतात. सोबत एक झाकणाची बादली, थोडी कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा (सांडलं तर वर टाकून भरून घेता येतं), ओले रुमाल, पाण्याचा कॅन. एसी बसच्या काचा उघडत नाहीत म्हणून पिशव्या लागतातच. साध्या बसमध्ये काच उघडते, आणि तिथे धोका वेगळा: डोकं बाहेर काढून उलटी करणं. घाटात समोरून येणारी गाडी हातभर अंतरावरून जाते. मुलांना हे निघताना एकदा कडक शब्दांत सांगा.

आणि ड्रायव्हरशी आधीच ठरवून घ्या: कुणी "थांबा" म्हटलं तर तो लगेच थांबणार नाही, रुंद जागा आल्यावरच थांबेल. पिशवी त्या दोन-तीन मिनिटांसाठी असते.

---

कागदपत्री:

ड्रायव्हर आणि गाडी आधी कशी तपासायची यावर.

नंबर प्लेट पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली तर परमिट नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भांडते. गाडीचा नंबर मागून घ्या आणि एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. फिटनेस (गाडी चालवण्यालायक असल्याचा दाखला), विमा, परमिट, पीयूसी, सगळ्यांच्या तारखा दिसतात. प्रवासी वाहनाचं फिटनेस पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. सहल नोव्हेंबरची असेल तर फिटनेस ऑक्टोबरात संपत नाही ना ते बघा. बुकिंगला जो नंबर दिला तीच गाडी येईल हे लिहून घ्या. ऐनवेळी "ती गाडी कामाला गेली, ही पाठवतो" हे या धंद्यात नेहमीचं आहे. बदलली तर नवा नंबर आदल्या दिवशी दुपारपर्यंत हवा, म्हणजे पुन्हा तपासता येईल.

हिशेब: बहुतेक जण रोजचे किमान किलोमीटर धरतात, २५० ते ३००, आणि मोजणी गॅरेज ते गॅरेज. तुम्ही महाबळेश्वरात दिवसभर ४० किलोमीटर फिरलात तरी किमान द्यावंच लागतं. टोल, पार्किंग, ड्रायव्हर-क्लिनरचा भत्ता वेगळा की धरून, हे विचारा. आणि त्यांच्या झोपण्याची सोय कोण करणार? महाबळेश्वरात नोव्हेंबरच्या थंडीत ड्रायव्हर सीटवर गोधडी घेऊन पडला, तर सकाळी तुमच्या ४१ जणांना तोच घाट उतरवणार आहे. त्याच्यासाठी हॉटेलात एक खाट घ्या.

आता मुख्य मुद्दा, तुमचा शेवटचा दिवस. गणपतीपुळे ते कोल्हापूर सुमारे १४५ किलोमीटर, मध्ये आंबा घाट. कोल्हापूर ते पुणे सुमारे २३०. म्हणजे पावणेचारशे किलोमीटर, एक घाट, दर्शनाची रांग आणि एक ड्रायव्हर. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) दिवसाला ८ तास आणि ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. तुमचा दिवस स्टिअरिंगवरच दहा तासांच्या पुढे जातो. एकतर दुसरा ड्रायव्हर घ्या किंवा कोल्हापुरात मुक्काम करा. गणपतीपुळ्याचे २ मुक्काम एकावर आणून एक कोल्हापूरला दिला तर खर्चही फार वाढत नाही.

---

हवा_आणि_गिअर:

तिसरा दिवसही ओढाताणीचा आहे. महाबळेश्वर ते गणपतीपुळे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. त्यात घाटाचे ४० किलोमीटर दोन तास खातात आणि प्रतापगड वयस्कर मंडळी सोबत असली की अडीच तास. सकाळी ८ ला निघालात तरी पोलादपूरला जेवायला एक वाजतो. पुढे कशेडी बोगद्यामुळे जुना कशेडी घाट टळतो, पण चिपळूण, संगमेश्वर, निवळी फाट्यापर्यंत संध्याकाळ होते. निवळीहून जाकादेवीमार्गे गणपतीपुळ्याचा तीसेक किलोमीटरचा रस्ता वळणांचा, आणि नोव्हेंबरात सहाला अंधारतं. त्या रात्री चिपळूणला राहा, परशुराम मंदिर बघा, सकाळी पुढे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने मोठी गाडी नेऊ नका. तिथला समुद्र सुंदर आहे, पण चढ-उतार आणि वळणं अरुंद आहेत. सात सीटची गाडी जाऊ द्या.

प्रतापगडाचा थांबा मात्र ठेवा. घाटाच्या जवळपास मध्यावर तो येतो आणि ड्रम थंड व्हायला आयती संधी मिळते. तिथे उतरल्यावर सगळे गडाकडे जातील, तुम्ही दोन मिनिटं मागे थांबा आणि क्लिनरला चारही बाजूंच्या चाकांजवळ हात न्यायला सांगा. रिमला लावायचा नाही, हाताची मागची बाजू चार बोटं लांब धरायची. सगळी चाकं सारखीच गरम असतील तर ठीक. एकच जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय, सुटत नाही. आणि एकच थंड असेल तर आनंदून जाऊ नका, ते चाक ब्रेक धरतच नाहीये आणि त्याचं काम बाकीचे करताहेत. दोन्ही वेळा पुढे निघण्याआधी अ‍ॅडजस्ट करायला लागतं.

जळका वास आला, जुन्या इलेक्ट्रिक शेगडीवर रबर ठेवल्यासारखा, तर रुंद जागेत थांबायचं, चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावायचा आणि अर्धा तास काही करायचं नाही. ड्रमवर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. पुष्कळ क्लिनर बाटली घेऊन धावतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी दारात आली की ही तपासणी पाच मिनिटांत होते: हवा पूर्ण भरा, काटा ८ जवळ. इंजिन बंद. एकाने पेडल एक मिनिट पूर्ण दाबून धरायचं, काटा अर्धा किलोही उतरता कामा नये. उतरला तर कुठेतरी हवा गळतेय, फुस्स आवाज शोधा. मग पेडल सारखं मारून काटा खाली आणा, ५ च्या आसपास बझर वाजलाच पाहिजे. बझरची वायर काढून ठेवलेल्या गाड्या असतात, कारण तो सारखा वाजतो. सारखा का वाजतो, हे कुणी विचारत नाही.

---

चाकोरी:

ऑगस्टचं कुणी बोललं नाही म्हणून. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये. आंबेनळीत धुकं असं असतं की कठडा दिसत नाही. वरून दरड, खाली रस्त्याची कड खचलेली. २८ जुलै २०१८ ला याच घाटात सहलीची बस दरीत गेली आणि त्यातला एकच प्रवासी वाचला. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन हा घाट, आणि भोर-महाडचा वरंधा घाट, वेळोवेळी वाहतुकीला बंद करतं. तेव्हा तुमचं सगळं बुकिंग त्या एका आदेशावर लटकतं. नोव्हेंबर घ्या.

तरी ऑगस्टच ठरलं तर: धुक्यात अप्पर लाइट लावायचा नाही, तो धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. डिपर आणि फॉग लाइट. ताज्या लाल मातीखाली गाडी थांबवायची नाही, आणि वरून बारीक खडे येताहेत असं दिसलं तर फोटो काढत बसायचं नाही, निघायचं. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, नियमातही तसंच आहे, त्यामुळे उतरताना थांबायची तयारी तुमची. आणि मोबाइलला मध्ये मध्ये रेंज नसते. महाबळेश्वर सोडताना पोलादपूरच्या हॉटेलवाल्याला किंवा घरी कुणाला "आत्ता निघालो, दोन-अडीच तासांत फोन करू" एवढं सांगून ठेवा. ११२ आणि १०८ हे नंबर सगळ्यांच्या फोनात असावेत.

---

मधली_सीट:

दोन छोट्या गोष्टी राहिल्या. आपत्कालीन दरवाजासमोर बॅगांचा ढीग लावू देऊ नका, नेमकी तीच जागा रिकामी दिसते म्हणून सगळे तिथे टाकतात. काच फोडायची हातोडी जागेवर आहे का ते बघा, पुष्कळदा फक्त तिचा हूक उरलेला असतो. आणि दरी दिसली की सगळे फोटोसाठी उठून एका बाजूला जातात. गाडी त्याने उलटत नाही, पण उभा असलेला माणूस पहिल्याच ब्रेकला सीटच्या दांड्यावर आपटतो. आजींचं मनगट त्यातच मोडतं.

---

पाटीपेन्सिल:

ठरवलं ते असं: नोव्हेंबर, ३५ सीटर आणि सात सीटची गाडी, क्लिनरसह. तिसरी रात्र चिपळूण, शेवटची कोल्हापूर. न्यूट्रलवाल्याला नाही म्हणून कळवलं. दुसरा गाडीवाला एक्झॉस्ट ब्रेक आहे म्हणतो. तो चालू आहे हे मला, गाडी न चालवणाऱ्याला, कसं कळेल?

---

हवा_आणि_गिअर:

पसरणी घाट चढताना नाही कळणार, पण पुण्याहून निघाल्यावर त्याआधी खंबाटकी घाट चढून गेलं की उतार लागतो, तिथे कळेल. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसा. त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडून स्विच दाबला की इंजिनचा आवाज बदलतो, घशात कोंडल्यासारखी घरघर येते, आणि पायाचा ब्रेक न मारता शरीर थोडं पुढे झुकतं. आवाज बदलला नाही आणि गाडी तशीच पळत राहिली, तर झडप काजळीने अडकलेली आहे. ती साफ करायला गॅरेजात साधारण तासभर लागतो. तुमचे महाबळेश्वरला दोन मुक्काम आहेत, मधल्या दिवशी गाडी वाईला पाठवून करून घ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी नको.